मिस्त्रींचं 'अजून न्हाय'

बसलेल्या सगळ्यांना रामराम, सलाम, जयभीम.

चेअरमन साहेबांनी माझं नाव पुकारलं तेव्हा मी मागं बायांत बसले होते. उठायला वेळ लागला. ज्या माणसाशी मी इतकी वर्षं वाद घातला, त्याच्याबद्दल आज एकटीनंच बोलायचं अन् पलीकडून उलट उत्तर यायचं न्हाय, हे डोक्यात बसंना. हमीद मिस्त्री असते तर आत्तापर्यंत म्हणले असते, "शेवंताबाई, लवकर बोला, पाईप वर लटकलाय."

तर लवकर बोलते.

मी शेवंता. तेरच्या अलीकडं आमची वस्ती. शाळा दुसरीपर्यंत, ती पण अर्धी. मी हापसा दुरुस्त करते. करत होते म्हणा, औंदा खांदा गेला, आता पाईप उपसत न्हाय. हे काम मला मिस्त्रींनी शिकवलं, सोसायटीच्या ह्याच गोडावूनात. तेव्हा इथं खताची पोती असायची. पोत्यावर बसून आमी शिकलो.

मिस्त्रींचा फोटो न्हाय. त्यांनी कधी काढलाच न्हाय. त्यांची बायको, आमच्या भाभी, नवऱ्याच्या दुखवट्याच्या इद्दतीत घरात बसल्यात, त्यांना निरोप पाठवून विचारलं, त्यांच्याकडं पण न्हाय. म्हणून कुणीतरी मिस्त्रींची पान्यांची पेटी खुर्चीवर ठेवली अन् पेटीलाच हार घातला. चांगलं केलं. पण हार ताजा राहावा म्हणून वरून पाणी शिंपडलंय. आतल्या पाईप धरायच्या शिकंज्याला गंज धरंल. पुसा ते आधी.

आता जे बोलायला उठले ते.

मगाशी चेअरमन साहेबांनी जाहीर केलं, यंदा ज्या बाया शिकत होत्या अन् मिस्त्री गेल्यामुळं ज्यांची परीक्षा राहिली, त्या सगळ्या पास. म्हणले, हीच मिस्त्रींना श्रद्धांजली. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवतात का, मला माहीत न्हाय. त्या बायांत माझी सून मंदा हाय. तिनं टाळी वाजवली न्हाय. मी बघितलं.

साहेब, तुमचं मन चांगलं हाय. तुमची भीती पण खरी हाय. ह्या भागात पेटी एकच, ती पण तालुक्यानं दिलेली. माझा खांदा गेला, माझ्या बरोबरीच्या बाया थकल्या, तेव्हापासून मिस्त्रीच फिरत होते. पास झालेली, पाईप उपसणारी बाई दाखवली न्हाय तर ह्या आठवड्यात पेटी तालुक्याला परत जाणार. मग हापसा बिघडला की तालुक्याच्या गाडीची वाट बघत बसा. औंदा पुन्हा विहिरींनी तळ दाखवलाय. पेटी गेली तर सगळ्यात आधी आमची वस्ती तहानंल, कारण आमाला हापशाशिवाय दुसरं पाणीच न्हाय. म्हणजे पेटीची गरज मला तुमच्यापेक्षा जास्त. वर पास होणार माझीच सून. तरी मी म्हणते, असं करू नका.

का नको, ते सांगते. थोडं ऐका.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव बोर पाडले, हापसे बसवले. बसवणारे बसवून गेले. बिघडले की बघायचं कुणी? मग तालुक्यानं मिस्त्रींना सांगितलं, माणसं तयार करा. त्यांनी पोरं शिकवायला घेतली. हे आमच्या आधीचं. शेवटी पास कुणाला करायचं? तर जो रोज आला त्याला. त्यातला एक लई चांगला. एक दिवस चुकला न्हाय, मिस्त्रींच्या आधी येऊन जागा झाडून ठेवायचा. मिस्त्रींनी डोळे झाकून त्याला पास केलं.

तो पोरगा जळकोटकडं एका गावात हापसा खोलायला गेला. तुमाला माहीत हाय, बोरात पाईपाला पाईप जोडलेला असतो. एक वर घेतला की खालचे सगळे शिकंज्यात आवळून धरायचे, मग वरचा सोडवायचा. शिकंजा सैल राहिला तर आख्खी माळ खाली. त्याचा राहिला. माळ गेली. बोर मुका झाला. त्या उन्हाळ्यात त्या गावच्या बायांनी नाल्यात झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरलं.

मिस्त्री त्या गावाला गेले. लोक पोराला शिव्या देत होते. मिस्त्री म्हणले, "पाईप ह्यानं न्हाय टाकला. मी टाकला. ह्याला येतं, असं मी सांगितलं होतं."

हे त्यांनीच मला सांगितलं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच किडा. एखाद्याला येतं, हे आपल्याला कळतं कशावरून? रोज आला म्हणून? विचारलं ते घडाघडा बोलला म्हणून? मला पण तो किडा लागला त्यांच्यापासनं. अजून हाय.

मग आमची पाळी आली. आमी सगळ्या बाया. पोरं शिकून शहराकडं निघून जातात, बाया गाव सोडत न्हाईत, म्हणून कुणीतरी वर ठरवलं की बायांना शिकवा. पहिल्या दिवशी मिस्त्री पोत्यावर बसले अन् म्हणले, आज परीक्षा सांगतो. आमी एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. शिकवायच्या आधीच?

म्हणले, "शेवटी मी एक हापसा बिघडवून ठेवणार. काय बिघडलं ते वळखायचं. गरज असंल तेवढंच खोलायचं. पाईप पडू द्यायचा न्हाय. पाणी काढायचं. पाने पुसून पेटीत ठेवायचे. बस."

माझ्या शेजारची गया, ती काय बसलीय समोर, ती म्हणली, "मिस्त्री, सवाल आधीच फुटला की."

"फुटू द्या. सवाल फुटला म्हणून हात येतो का?"

मी विचारलं, पहिला नंबर कसा काढणार? भरभर करंल तिचा? त्यांनी मलाच उलटं विचारलं, "शेवंताबाई, नवी सून आली की भाकरी कशी पारखता?"

म्हणलं, थापते कशी, फुगते का, कडा कच्ची राहते का, ते बघते.

"शेजारणीच्या सुनेच्या भाकरीला लावून बघता?"

"ते कशाला? मला माझ्या घरची भाकरी खायची."

"मग झालं. मी पण तुमाला एकमेकींना लावून बघणार न्हाय. हापशाला लावून बघणार."

अन् एखादीला जमलंच न्हाय तर? नापास? म्हणले, नापास हा शब्द माझ्याकडं न्हाय. माझ्याकडं दोनच. 'येतंय' अन् 'अजून न्हाय'.

मला वाटलं, गोड बोलतोय माणूस. पोराला भुलवतात तसं बायांना भुलवतोय. नंतर कळलं, 'अजून न्हाय' हे नापासापेक्षा लई वाईट. नापास झालं की घरी जाता येतं. 'अजून न्हाय' म्हणलं की पुन्हा यावं लागतं.

माझी परीक्षा शेजारच्या गावात झाली. आमच्या वस्तीतल्या बाया हापसा खोलणार म्हणल्यावर तिथल्या दोघाचौघांनी तोंडं वाकडी केली, आता ह्याचं पाणी कुणी प्यायचं म्हणून. ऊन चढल्यावर प्याले. ते सोडा.

हापशाचा दांडा हलका लागत होता. वरखाली होतोय, पाणी न्हाय. मी वेळ घालवला न्हाय. वरचं झाकण काढलं. साखळीखालचा नट आधीच सुटलेला. म्हणलं, बरं झालं, तेवढं काम वाचलं. एकामागं एक पाईप उपसले. शिकंजा असा आवळला की मुंगी शिरंना. खालचं वायसर, म्हणजे पाणी ओढणारी चकती, काढलं, नवं घातलं, सगळं परत सोडलं, नट आवळला, हापसलं. भडाभडा पाणी. बाया हसायला लागल्या. मी मिस्त्रींकडं बघितलं.

"अजून न्हाय," ते म्हणले.

माझं डोकं फिरलं. म्हणलं, पाणी आलं की. आंधळे झालात का?

"पाणी आलं. लेकिन बाई, काट्यासाठी तुमी पाय कापला. तो नट मी सोडला होता. तेवढाच आवळायचा होता."

जुनं वायसर त्यांनी हातात घेऊन मला दाखवलं. धडधाकट होतं. नव्यासारखं. मग म्हणले, "शिकंजा येतोय. वायसर येतंय. पाईप उतरवणं येतंय, माझ्यापेक्षा बरं येतंय. बिघाड वळखणं अजून न्हाय. फक्त तेवढंच पुन्हा दाखवा."

हे मला लई नवं वाटलं. शाळेत मास्तर सगळ्याचं मिळून एक काहीतरी सांगायचा. काय आलं अन् काय राहिलं ते कधी कळायचंच न्हाय. दुसरीत मी पास होते का नापास, मला आजपण सांगता येत न्हाय. इथं मात्र घरी जाताना मला पक्कं ठाऊक होतं की माझ्यात नेमकं काय कमी हाय. रागात होते, पण ठाऊक होतं.

पुढच्या वेळी मी आधी पाणवठ्यावरच्या बायांना विचारलं. सकाळी पहिल्यांदा हापसल्यावर पाणी उशिरा येतं का? दांडा कधीपासनं हलका झाला? धार एकदम गेली का हळूहळू? निम्मा बिघाड त्यांनीच सांगितला. मिस्त्री म्हणले, येतंय. तरी लगेच सोडलं न्हाय. पुन्हा वेगळ्या गावाला नेलं, वेगळ्या हापशावर. एकदा जमलं ते नशीब असू शकतं म्हणले.

आता आमची खोड सांगते. मिस्त्रींना आमी त्या बाबतीत लई तरास दिला.

सावड तुमी सगळे करता. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. समोरची बाई वाकलेली दिसली अन् आपला हात रिकामा असला की आपल्याला लाज वाटते. परीक्षेत पण तेच. मी पाना मागायच्या आत गया पुढं करायची. गया विसरायला लागली की तिसरीच कुणी खाकरायची. एकीची परीक्षा अन् सगळ्यांचे हात हापशाला. पाणी यायचं अन् मिस्त्री डोकं धरून बसायचे. म्हणायचे, पाणी आलं ते कुणाचं?

एकदा ते लई चिडले, दूर व्हा म्हणले, एकटीला करू द्या. मी म्हणलं, मिस्त्री, पाईप एकटीनं उपसतो का कधी? तुमी उपसता? मग परीक्षेत एकटीनं का? परीक्षा कामासारखी पाहिजे का कामापेक्षा वेगळी?

त्या दिवशी त्यांनी परीक्षाच थांबवली अन् सायकल घेऊन निघून गेले. मला वाटलं, रुसले. दुसऱ्या दिवशी आले ते हसत. म्हणले, सापडलं. हात कितीपण लावा, पण तोंड एकच. जिची परीक्षा ती सांगंल तेवढंच बाकीच्यांनी करायचं. ती म्हणली धर, तर धरायचं. ती शिकंजा म्हणायला विसरली, तर शिकंजा लागणार न्हाय, मग मी बघून घेईन. अन् बघणाऱ्यांनी बोलायचं न्हाय, खाकरायचं न्हाय, डोळ्यानं पण सांगायचं न्हाय.

ते बघून घ्यायचे म्हणजे खरंच बघायचे. खाली दुसरा शिकंजा आधीच लावून ठेवायचे गुपचूप. बोर मुका व्हायचा न्हाय, पण बाईला काय येतं ते उघडं पडायचं.

बायांनो, हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. समोरची चुकतेय, आपल्याला दिसतंय, अन् गप्प उभं राहायचं. माझ्यासारखीला तर ताप येतो.

एकदा मी त्यांना विचारलं, मिस्त्री, तुमची परीक्षा कुणी घेतली? त्यांनी हातातला पाना पुसून पेटीत ठेवला. मग म्हणले, कुणीच न्हाय. हाताखाली काम केलं, उस्ताद गेला, लोक मला मिस्त्री म्हणायला लागले. म्हणलं, मग मी घेते. ते म्हणले, घ्या.

मी आमच्याच वस्तीचा हापसा थोडा बिघडवला. सगळ्या बाया गोळा. मिस्त्री आले, बाह्या सारल्या, दांडा दोनदा हलवला, कान लावला अन् पाना घेतला. बिघाड बरोबर काढला, पाणी आलं, पाने पुसले. माझ्याकडं बघितलं.

म्हणलं, "अजून न्हाय, मिस्त्री."

"क्यूं?"

"पाणी भरणाऱ्या बायांना एक शब्द विचारला न्हाय तुमी. मला त्यासाठीच अडवलं होतं."

ते हापशाच्या ओट्यावर बसले अन् इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग उठले अन् म्हणले, पुन्हा बिघडवा. अन् खरंच पुन्हा दिली परीक्षा. साहेब, त्या माणसानं स्वतःला फुकट पास करून घेतलं न्हाय.

त्यानंतर ते मला परीक्षेला बरोबर न्यायला लागले. दुसरा डोळा म्हणून. ते एका बाजूला, मी दुसऱ्या. आपसात बोलायचं न्हाय. संपलं की दोघांनी वेगवेगळं सांगायचं. दोघांनी 'येतंय' म्हणलं तरच 'येतंय'. न जुळलं तर कुणाला काय दिसलं ते बोलायचं, अन् बाईला पुन्हा बोलवायचं. म्हणायचे, एका डोळ्याला आवडता माणूस चांगलाच दिसतो. मला कळायचं, ते त्या झाडून ठेवणाऱ्या पोराबद्दल बोलतायत.

आता मंदाचं. ती खाली मान घालून बसलीय, बसू दे.

मिस्त्री आजारी पडायच्या आधी तिची परीक्षा झाली. ह्याच गोडावूनाबाहेर. मी सासू, म्हणून डोळा माझा न्हाय, गयाचा. मी पाईप धरायला होते, एका हातानं. मंदानं बायांना विचारलं. बिघाड वळखला. पाईप वर आला. अन् तिनं तोंड उघडायच्या आत माझा हात शिकंज्याला गेला. माझा मला कळला न्हाय. हात गेलाच.

मिस्त्री म्हणले, अजून न्हाय. मी भांडले. म्हणलं, ती सांगणारच होती, तोंडावर आलं होतं तिच्या. तर शांतपणे म्हणले, "असंल. पर सूनबाईला येतं का सासूबाईला येतं, मला दिसलं न्हाय. जे दिसलं न्हाय ते मी कसं सांगू?"

मी रागात निघून आले. मंदा मागं थांबली होती. तिनं त्यांना विचारलं, पुन्हा कधी? ते म्हणले, येत्या बाजाराच्या दिवशी. तो बाजार आला तेव्हा ते अंथरुणात होते. पुढच्या बाजाराला आपण त्यांना कबरस्तानात पोचवलं.

घरी मी मंदाला म्हणलं, तुला येतं, मला माहीत हाय. तिनं काय उत्तर दिलं? म्हणली, "आत्या, तुमाला माहीत हाय. मला कुठं माहीत हाय? तुमी करूच कुठं दिलं?"

साहेब, म्हणून तिनं टाळी वाजवली न्हाय. तुमी तिला पास केलं तर पेटी तिच्या डोक्यावर येईल, अन् पहिल्या बोरावर पाईप उपसताना ती स्वतःला विचारंल, मला येतं का, का मिस्त्री मेले म्हणून मला येतं? ज्याला एका पाईपानं जन्मभर झोपू दिलं न्हाय, त्याच्या नावानं आपण हे करायचं? मग त्या माणसाकडून शिकलो काय आपण?

अन् पेटी पण जाऊ द्यायची न्हाय. मग करायचं काय?

मी आत येताना बाहेरचा हापसा हापसून बघितला. धार बारीक हाय. इतकी माणसं पाणी पिऊन आत आली, एकानं तक्रार केली न्हाय. कशानं बारीक हाय, ते मला कळलंय. सांगणार न्हाय.

मंदा तो हापसा बघंल. आज, आत्ता, उजेड हाय तोवर. एका बाजूनं गया बघंल. दुसऱ्या बाजूनं माकणीहून कौसल्या आलीय, ती तिकडची पेटी सांभाळते, तिला मिस्त्रींनी मागंच 'येतंय' म्हणलंय, अन् ती आमची कुणी लागत न्हाय. खाली दुसरा शिकंजा गया लावून ठेवंल. दोघी वेगवेगळं सांगतील. दोघी 'येतंय' म्हणल्या तर पेटी मंदाची. बाकीच्या बायांची पाळी उद्यापासनं, अशीच. न्हायतर साहेब, तुमी तालुक्याला जा अन् सांगा, आमची माणसं तयार होतायत, पेटी अजून थोडे दिवस राहू द्या. ते काम तुमाला येतं. ह्या गोडावूनासाठी तुमी तालुक्यात कसे ठाण मांडून बसला होता, ते आमी बघितलंय.

मी हापशाकडं पाठ करून उभी राहीन. हात पदरात गुंडाळून.

आता उभे राहा सगळे. मिस्त्रींसाठी गप्प राहू. पण दोन मिनिटं झाली म्हणून घसा साफ करून खाली बसू नका. त्यांच्या परीक्षेत बघणाऱ्याला गप्प राहावं लागायचं, अन् तेच सगळ्यात अवघड होतं. आज आपण सगळे बघणारे. ही शांतता अशीच धरून बाहेर चला. हापशाभोवती उभे राहा. कुणी खाकरायचं न्हाय. कुणी डोळ्यानं सांगायचं न्हाय. ती चुकली तरी न्हाय. ती सांगंल तेवढाच हात लावायचा, ती सांगंल तेव्हाच.

मिस्त्री, तुमाला माझा सलाम. वाद राहिला तो राहिला.

मंदा, उठ. हार खुर्चीवर राहू दे. पेटी उचल.